वळूची निवड आणि कराराबाहेरचा पक्ष

अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८७ साली एका गाईच्या विक्रीविषयी दिलेला निवाडा कायद्याच्या विद्यार्थ्यांस आजही शिकविला जातो. ‘रोझ सेकंड ऑफ ॲबरलोन’ असे भारदस्त नाव धारण करणारी ती गाय अँगस जातीची होती. ती वांझ आहे अशा समजुतीने हायरम वॉकर यांनी ती शेरवूड नावाच्या पेढीवाल्यास वजनावर, पौंडास साडेपाच सेंट या दराने, विकण्याचे ठरविले. किंमत ऐंशी डॉलरांच्या आसपास येत होती. पुढे ती गाभण निघाली, आणि गाभण स्थितीत तिचे मोल साडेसातशे डॉलरांहून कमी नव्हते. विक्रेत्याने गाय देण्याचे नाकारले. उभय पक्षांची चूक कराराच्या मुळाशीच होती, सबब विक्रेत्यास करार मोडता येतो, असा बहुमताचा कौल पडला.

या सर्व वादात गाय होती ती माल म्हणून. आम्हां वकिलांस त्यात वावगे काही दिसत नाही. मालाला बाजू नसते. परंतु वळूच्या निवडीचा विचार करू लागलो म्हणजे ही सोयीची समजूत डळमळू लागते. गोमांसाचा विषय आमच्या कित्येक वाचकांस रुचणार नाही हे आम्ही जाणतो. तथापि येथे प्रश्न खाण्याचा नसून निवडण्याचा आहे, आणि तो कोणासही चुकलेला नाही.

काळी, बिनशिंगी अँगस गाय मूळची ईशान्य स्कॉटलंडची. १८६२ साली तिथे या जातीची पहिली वंशनोंदवही निघाली, तेव्हा ह्यू वॉटसन यांच्या ‘ओल्ड जॉक’ या वळूस पहिला क्रमांक मिळाला. वॉटसन यांचीच ‘ओल्ड ग्रॅनी’ पस्तीस वर्षे जगली व तिला एकोणतीस वासरे झाली. वंशाची साक्ष त्या काळी गाईचे आयुष्यच देत असे. आज ती आकडे देतात. लिलावाच्या यादीत प्रत्येक वळूच्या नावापुढे त्याच्या संततीविषयीची अनुमाने छापलेली असतात: जन्मवेळचे वजन, दूध तुटतानाचे वजन, वर्षाचे वजन, मुलींचे दूध, स्वभावाचा शांतपणा, मांसातील चरबीची जाळी. त्यांतच एक आकडा असा असतो की, या वळूपासून गाभण राहिलेल्या पहिल्या वेताच्या कालवडींपैकी शेकडा किती अधिक वा उण्या मदतीवाचून व्यातील.

आमचे लक्ष या एका आकड्यावर खिळले. वर्षाला भारी भरणारे वासरू बहुधा जन्मतःही भारी असते. जन्मतः हलके आणि पुढे झपाट्याने वाढणारे वासरू देणारे वळू आहेत, पण ते विरळा व महाग. म्हणजे वजनाच्या मोहाने वळू निवडला की नऊ महिन्यांनी, बहुधा रात्री, कोणती तरी कालवड अडते. दोर लावून वासरू ओढावे लागते. नफा मालकाचा आणि वेणा तिच्या. वाटणी अशी उघड विषम असता तिची बाजू मांडण्यास कोणी नाही.

यावर व्यवहारी मनुष्य म्हणेल, वासरू मेले तर मालकाचेच नुकसान. तेव्हा त्याचा स्वार्थ हाच कालवडीचा वकील. हा युक्तिवाद आम्हांस अर्धाच पटतो. शंभरांतील चार-पाच अडल्या तरी उरलेल्यांच्या वजनातून भरपाई होत असेल, तर हा वकील तिथेच आपले वकीलपत्र परत करतो. दुसरा आक्षेप अधिक कठोर आहे: ज्या जनावराचा शेवट कसाईखान्यातच व्हायचा, त्याच्या जन्माची एवढी चिंता कशाला? फाशीची शिक्षा झालेल्या कैद्यालाही तुरुंगात मारहाण करण्याची मुभा आमचा कायदा देत नाही. मरण ठरलेले आहे एवढ्याने मधले दुःख हिशेबाबाहेर जात नाही.

अज्ञानाची गोष्ट वेगळी. २००८ साली अमेरिकेतील अँगस कळपांत कणा वाकलेली, सांधे ताठरलेली मृत वासरे जन्मू लागल्याचे उघड झाले. इलिनॉय विद्यापीठातील जोनाथन बीव्हर यांनी तपास केला, तेव्हा त्या वासरांच्या वंशात ‘जी ए आर प्रिसिजन १६८०’ हा अत्यंत लोकप्रिय वळू वारंवार आढळला. दोष सुप्त होता. आई व बाप दोघेही वाहक असतील तरच, आणि तेही सरासरी चारांत एका वासरात, तो प्रकट होई. तोवर ज्यांनी तो वळू वापरला त्यांना आम्ही दोष देणार नाही.

परंतु त्याच वर्षी रक्ताची चाचणी हाती आली आणि अज्ञानाचा बचाव संपला. वाहक वळू निर्दोष गाईंवर वापरला तर एकही वासरू विकृत होत नाही. मात्र निम्म्या वासरांत दोष मुकाट्याने पुढे जातो. मालक ती गोष्ट यादीत छापतो, घेणारा डोळे उघडे ठेवून घेतो, आणि कायद्याच्या दृष्टीने व्यवहार निर्मळ ठरतो. आमच्या मते प्रकटीकरणाने विक्रेता फक्त खरेदीदारापुरता मोकळा होतो. तिसऱ्या-चौथ्या पिढीत, कोण्या दुसऱ्याच्या कुरणावर, दोन वाहकांची गाठ पडेल, तेव्हा मेलेले वासरू चाटणाऱ्या कालवडीस ती छापील यादी कोणी वाचून दाखविलेली नसते.