हवा कोणी मोजली?

एडिनबरोमधल्या लिटल फ्रान्स भागातले मुलांचे नवे सरकारी रुग्णालय ९ जुलै २०१९ पासून सुरू व्हायचे होते. पाच दिवस आधी, ४ जुलैला, स्कॉटलंडच्या तत्कालीन आरोग्यमंत्री जीन फ्रीमन यांनी जुन्या रुग्णालयातून होणारे स्थलांतर थांबवले. कारण होते अतिदक्षता विभागातली हवा. तिथल्या नियमानुसार अशा खोलीतली सगळी हवा तासाला दहा वेळा बदलली पाहिजे आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त पाहिजे, म्हणजे दार उघडले तरी बाहेरची हवा, आणि तिच्यासोबतचे जंतू, आत शिरत नाहीत. प्रत्यक्षात यंत्रणा बसवली गेली होती ती तासाला चार वेळा हवा बदलण्याच्या हिशेबाने.

इमारत पाच महिन्यांपूर्वीच ताब्यात आली होती. फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘इंडिपेंडंट टेस्टर’ने, म्हणजे करारातल्या दोन्ही पक्षांनी मिळून नेमलेल्या तटस्थ तपासनिसाने, काम पूर्ण झाल्याचा दाखला दिला आणि लोथियनच्या आरोग्य मंडळाने दरमहा सुमारे १४ लाख पौंड मोजायला सुरुवात केली. त्याआधी २०१५ मध्ये करार झाला, तोही सहजासहजी नव्हे. ‘स्कॉटिश फ्युचर्स ट्रस्ट’ या सरकारी संस्थेचे टप्पानिहाय आढावे पार करावे लागत होते. निविदा जाहीर करण्यापूर्वी एक, बोलीदारांशी चर्चा सुरू करण्यापूर्वी एक, ती संपवण्यापूर्वी एक, बोलीदार निवडण्यापूर्वी एक आणि सह्या करण्यापूर्वी एक. पाच दारे, प्रत्येक दारावर पहारेकरी, आणि चूक सगळ्यांना नमस्कार करून आत गेली.

ती कशी गेली, हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. प्रकल्पात ‘एन्व्हायर्न्मेंटल मॅट्रिक्स’ नावाचा एक लांबलचक तक्ता होता. प्रत्येक खोलीला एक ओळ. रकान्यांत तापमान, दाब, ताशी हवाबदल. अतिदक्षता विभागातल्या खोल्यांसमोर २०१२ पासून ‘४’ पडला होता. गंमत अशी की त्याच तक्त्याला जोडलेल्या टिपांपैकी एकीत अतिदक्षतेसाठी ‘१०’ असे लिहिलेले होते. एकाच कागदावर दोन आकडे, आणि पुढची सात वर्षे त्यांची गाठ कोणी घालून दिली नाही. तक्ता सल्लागारांकडून बोलीदारांकडे, तिथून ठेकेदाराकडे आणि उपठेकेदाराकडे गेला. खोल्यांतल्या दाबावरून झालेल्या वादात फेब्रुवारी २०१९ मध्ये जी तडजोड झाली, तिच्यात काही चार खाटांच्या खोल्यांसाठी ताशी चार हा आकडा चक्क लेखी मान्य झाला. त्यांतल्या काही अतिदक्षता विभागातल्या होत्या. अखेर जून २०१९ मध्ये एका बाहेरच्या कंपनीची माणसे मोजमापाची उपकरणे घेऊन खोल्यांत शिरली आणि त्यांनी हवा मोजली.

या सगळ्यांत कोणी लबाडी केल्याचे म्हणणे नाही. आढावा घेणारे प्रकल्पातल्या माणसांपासून स्वतंत्र होते. मात्र प्रकल्पाच्या कागदांपासून ते स्वतंत्र नव्हते. प्रश्नावली त्यांना विचारायला सांगत होती की खर्च परवडणारा आहे का, जोखीम कोणाच्या अंगावर आहे, कराराचा मसुदा तयार आहे का, सल्लागारांनी आपापली संमती दिली आहे का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ आले की चौकटीत खूण. संमती कशाला दिली, हे पाहणे त्यांच्या कामात बसत नव्हते. तटस्थ तपासनिसाचेही तेच. काम करारानुसार झाले का, एवढेच त्याने सांगायचे होते. करारातच चुकीचा आकडा असेल, तर चुकीचे बांधकाम हेच बरोबर ठरते.

आढाव्यांची ही पद्धत मुळात तिजोरीच्या काळजीतून आली. १९९९ मध्ये पीटर गर्शन यांनी ब्रिटिश सरकारच्या खरेदी-व्यवहारांची तपासणी केली आणि त्यानंतर ‘गेटवे रिव्ह्यू’ रूढ झाले. शून्य ते पाच असे सहा दरवाजे, काही दिवस मुलाखती आणि कागद, मग लाल-पिवळा-हिरवा शेरा. प्रकल्पाची गरज आहे का, हे पैसे जाण्याआधी कोणीतरी परक्याने विचारावे, ही कल्पना चांगलीच होती आणि आजही आहे. पण अहवाल जायचा प्रकल्पाच्या जबाबदार अधिकाऱ्याकडे, गोपनीय म्हणून. इंग्लंडच्या आरोग्यसेवेचा २००२ मध्ये सुरू झालेला अवाढव्य संगणकीकरण कार्यक्रम असाच दाराआड तपासला जात होता. २००६ मध्ये संगणकशास्त्राच्या २३ प्राध्यापकांनी संसदेच्या आरोग्य समितीला उघड पत्र लिहून स्वतंत्र तांत्रिक तपासणी मागितली. गेटवे अहवाल लोकांसमोर आले ते २००९ मध्ये, माहिती-अधिकाराच्या झगड्यानंतर. २०११ मध्ये सरकारने कार्यक्रम मोडीत काढत असल्याचे जाहीर केले.

गोपनीयतेच्या बाजूने नेहमी सांगितले जाते की अहवाल छापले तर अधिकारी मोकळेपणाने बोलणार नाहीत. यात तथ्य आहे. मग मुलाखती झाकून ठेवा, पण खोल्यांचे आकडे कशाला झाकायचे? ताशी किती वेळा हवा बदलणार, हे कोणाचे व्यापारी गुपित? तो तक्ता एखाद्या अतिदक्षता विभागातल्या अनुभवी परिचारिकेसमोर किंवा संसर्ग-नियंत्रण पाहणाऱ्या डॉक्टरांसमोर, खोलीचे नाव आणि आकडा शेजारीशेजारी ठेवून मांडला असता, तर ‘४’ वर बोट जाण्याची बरीच शक्यता होती. निदान एखाद्या वित्तीय सल्लागारापेक्षा तरी.

स्कॉटलंडने किंमत मोजली. दुरुस्तीला सुमारे १.६ कोटी पौंड लागले, रुग्णालय पूर्णपणे सुरू व्हायला मार्च २०२१ उजाडला आणि लॉर्ड ब्रॉडी यांच्या अध्यक्षतेखाली सार्वजनिक चौकशी बसली. उपाय म्हणून जून २०२१ मध्ये ‘एनएचएस स्कॉटलंड अशुअर’ उभी राहिली. हिचे आढावे बांधकामापर्यंत, यंत्रणा चालवून पाहण्यापर्यंत आणि हस्तांतरापर्यंत जातात आणि हवा, पाणी, वीज यांच्याकडे बघतात. ही सुधारणा मला योग्य वाटते, एका शंकेसह. ही संस्था आरोग्यसेवेच्याच पोटात आहे. शिवाय प्रत्येक अपघातानंतर एक दार वाढवायचे, तर उद्या दारेच इतकी होतील की प्रत्येक पहारेकरी पुढच्यावर विसंबेल. एडिनबरोमध्ये दारे कमी नव्हतीच.

आपल्याकडे तरी दारे कुठे कमी आहेत? प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश, अभियांत्रिकी महाविद्यालयाकडून थर्ड पार्टी ऑडिट, पूर्णत्वाचा दाखला, ना-हरकत. ‘कॅग’ येते ती बहुतेक वेळा सगळे होऊन गेल्यावर. ९ जानेवारी २०२१ ला भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू विभागाला आग लागून दहा बाळे गेली. त्यानंतर राज्यभरातल्या रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. दहा महिन्यांनी, ६ नोव्हेंबरला, अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातला अतिदक्षता विभाग पेटला आणि त्या दिवशी ११ रुग्ण दगावले. एडिनबरोत निदान कोणीतरी रुग्ण आत जाण्यापूर्वी मोजले, आणि मोजणीवर विश्वास ठेवून मंत्र्यांनी नामुष्की पत्करली. ठरलेला उद्घाटन सोहळा पाच दिवस आधी रद्द करणारा मंत्री आपल्याकडे कल्पून पाहा.

म्हणून टप्पानिहाय आढाव्याची मागणी करताना ती नेमकी करावी. आराखडा ठरताना त्या खोलीत काम करणारी माणसे आढाव्यात हवीत, सल्लागाराने पाठवलेला प्रतिनिधी नव्हे. ताब्यापूर्वी करार बाजूला ठेवून थेट मानकाशी मोजणी हवी, आणि मोजणाऱ्याचे पैसे ठेकेदाराच्या बिलातून नकोत. मोजणी नापास झाली तर ताबा थांबला पाहिजे. शेरा मारून ‘सहा महिन्यांत पूर्तता करावी’ हे चालणार नाही. आणि आकडे जाहीर झाले पाहिजेत.

तुमच्या जिल्ह्यात नवे रुग्णालय बांधून तयार होत असेल, तर फीत कापण्याआधी माहिती-अधिकारात एक अर्ज टाका. पूर्णत्वाचा दाखला मागू नका, तो मिळेलच. शस्त्रक्रियागृह, अतिदक्षता आणि नवजात विभाग यांतल्या हवेची, ऑक्सिजनच्या दाबाची आणि विजेच्या भाराची प्रत्यक्ष मोजणी कोणी केली, कोणत्या तारखेला केली आणि आकडे काय आले, एवढेच विचारा.