बुळकांडीनंतर

परळी तालुक्यातल्या सिरसाळ्यात आज विशीतल्या पोराला बुळकांडी म्हणजे काय असं विचारलं, तर तो आजोबांकडं बोट दाखवील. जुन्या माणसांना मात्र ती विसरता येत नाही. बैलाला ताप भरायचा, डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ, मग पाण्यासारखी हगवण, आणि आठ-दहा दिवसांत दावण रिकामी. ऐन पेरणीच्या तोंडावर बैल गेला की घरच खाली बसायचं.

या रोगाच्या अभ्यासासाठी आपल्या देशातली पहिली प्रयोगशाळा पुण्यात उघडली, डिसेंबर १८८९ मध्ये. आल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख होते. पण संसर्गाचं काम गुरांच्या गर्दीत करणं धोक्याचं, म्हणून १८९३ मध्ये ती हिमालयात मुक्तेश्वरला हलवली. तीच आजची भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था. १९२०च्या दशकात तिथले संशोधक एडवर्ड्स यांनी रोगाचा विषाणू एका शेळीतून दुसऱ्या शेळीत असा पुन्हा पुन्हा फिरवला. तो गुरांसाठी मवाळ झाला आणि लस हाती आली. आपल्या गावरान गुरांना ती मानवली, संकरित जनावरांना मात्र तिचा ताप जड जाई.

पुढचं पाऊल पडलं केनियात. वॉल्टर प्लॉराइट या इंग्रज पशुवैद्यकानं बुळकांडीचा विषाणू वासराच्या मूत्रपिंडातून काढलेल्या पेशींवर नव्वदएक वेळा वाढवला. त्यातून साठच्या दशकाच्या सुरुवातीला जी लस निघाली, ती सगळ्या जातींच्या गुरांना सोसणारी, स्वस्त, आणि एकदा टोचली की बहुधा आयुष्यभर पुरणारी होती. इथं निसर्गानंही साथ दिली. बुळकांडीच्या विषाणूची रूपं थोडीफार वेगळी असली, तरी एकच लस सगळ्यांना पुरून उरे. लाळ्या-खुरकूत तसा नाही. त्याचे प्रकार अनेक, आणि लसीची ताकद काही महिन्यांत ओसरते, म्हणून सहा-सहा महिन्यांनी टोचावं लागतं.

मला या सगळ्यात सर्वांत धाडसाची वाटते ती शेवटची पायरी. रोग खरंच गेला हे सिद्ध करायचं, तर लस थांबवावी लागते. लस चालू असेल तर रक्तातली प्रतिपिंडं लसीची की रोगाची, हे ओळखायचं कसं? शंभर वर्षं ज्याच्याशी झुंज दिली, त्याच्यासमोर जनावरं उघडी ठेवायची, गावोगाव फिरून पशुपालकांना विचारायचं, रक्ताचे नमुने तपासायचे आणि वाट पाहायची. भारतात शेवटची साथ १९९५ मध्ये आली. २००६ मध्ये देश रोगमुक्त ठरला, २०११ मध्ये सारं जग. देवीनंतर माणसानं पृथ्वीवरून घालवलेला हा दुसराच रोग. प्लॉराइट २०१० मध्ये गेले. आणखी थोडा काळ जगते, तर त्यांना ती घोषणा ऐकता आली असती. ही चुटपुट मला लागून राहते.

बुळकांडीचा सख्खा भाऊ मात्र अजून आहे: शेळ्या-मेंढ्यांचा पीपीआर. १९८७ मध्ये तमिळनाडूत तो पहिल्यांदा ओळखला गेला. त्याआधी शेळी या रोगानं दगावली की तीही बुळकांडीच समजली जाण्याचा संभव होता. आपल्या शास्त्रज्ञांनी मुक्तेश्वरलाच त्याची लस तयार केली. तिचा मूळ विषाणू हिमाचलातल्या सुंगरी गावच्या शेळीतून घेतलेला, म्हणून त्या वाणाला गावाचंच नाव मिळालं. ही लसही एका मात्रेत काही वर्षं पुरते. २०३० पर्यंत हा रोग जगातून घालवायचं ठरलं आहे.

बीड जिल्ह्यात या कामाची खरी अडचण प्रयोगशाळेच्या बाहेर आहे. कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला निघतात, आणि बैलांबरोबर शेळ्याही निघतात. कारखान्याच्या तळावर चार जिल्ह्यांची जनावरं एकत्र येतात. इकडं लस देणारा माणूस गावात पोचतो, तेव्हा घराला कुलूप असतं. टोचल्यावर प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. तेव्हा सिरसाळ्याची उस्मानाबादी शेळी टोचायची, ती गाडी जुंपायच्या महिनाभर आधी, दसऱ्याच्या आत.