दुसऱ्याच्या उपासावर अधिकार कोणाचा?

गरिबांस एकत्र करून अन्यायाविरुद्ध उभे करणारा मनुष्य चांगले काम करितो, हे आपण सहज मान्य करितो. पण त्या झगड्यात ज्यांची चूल विझते, त्यांचे काय? दुसऱ्यास उपास सोसावयास सांगण्याचा अधिकार कोणास आहे?

अलिबाग तालुक्यातील चरी गावाकडे पाहा. ह्या खारेपाटात समुद्राचे उधाण अडविणाऱ्या बांधामागे भात पिकते. शेतात कुळे राबत, पण पिकाचा मोठा वाटा खोत नेत. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरी येथे सभा भरली आणि नारायण नागू पाटील ह्यांच्या पुढारीपणाखाली २५ गावांतील कुळांनी खोतांची जमीन न कसण्याचा निश्चय केला. हा संप १९३९ पर्यंत चालला. शेते ओस पडली. लोकांनी लाकूडफाटा विकून व खाडीची मासळी धरून दिवस काढिले. त्याच १९३९ साली मुंबई प्रांतात कुळांस संरक्षण देणारा कायदा झाला.

कोणी म्हणेल, फळ मिळाले म्हणून संप योग्य ठरला. तसे असेल, तर फळ न मिळता तो अयोग्य ठरला असता काय? माझ्या मते तो योग्य होता, तो ह्यासाठी की, ज्यांस उपाशी राहावयाचे होते त्यांनीच तो पत्करिला. इतकी वर्षे २५ गावांस केवळ भाषणाने कोणी बांधून ठेवू शकत नाही.

पुढे ह्याच जिल्ह्यात विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमिनी घेण्याचे ठरले, तेव्हा उल्का महाजन ह्यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी लोकांस जागे केले. २१ सप्टेंबर २००८ रोजी सरकारने पेण तालुक्यातील २२ गावांच्या शेतकऱ्यांचे मत घेतले. ज्याची जमीन जाणार, त्यास विचारणे हाच न्याय. पण सातबाऱ्यावर ज्याचे नाव नाही तो मजूर, आणि खाडीवर पोट भरणारा कोळी, ह्यांस कोण विचारील? त्यांची आठवण ठेवणे हेही कार्यकर्त्याचे कर्तव्य होय.

म्हणून तुमच्या गावी कोणी झगड्याची हाक दिली, तर प्रथम पाहा की, होणारे नुकसान त्याने आधीच उघड सांगितले आहे काय, आणि शेवटच्या झोपडीस विचारिले आहे काय. तसे असेल, तर तुम्हीही स्वस्थ बसू नका. बांधाला एके ठिकाणी खांड पडली, तरी खारे पाणी सर्वांच्या शेतांत शिरते. ज्या घरची चूल विझली, तेथे आपल्या कणगीतील भात पोहोचवा. जो आपल्या घासातून वाटा देतो, त्यानेच दुसऱ्यास धीर धरावयास सांगावे.