गाडीचा आजचा रंग

कपिलधार, ता. जि. बीड

चि. भाच्यास,


तू मोबाइलवर पाठवलेले फोटो पाहिले. चंदेरी गाडीचं मागचं डावं दार तू रंगवलंस आणि आता ते बाकीच्या अंगापेक्षा काळसर दिसतंय. फोटोवरून मी निदान करणार नाही, कारण कॅमेरा उजेड बघून रंग आपल्या मनानेच सावरून घेतो. पण तुझ्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहायला बसलो. तू म्हणालास, ‘मामा, कोड बरोबर होता, काट्यावर वजन बरोबर होतं, मग दोष डब्याचाच.’ बाळा, कोड सांगतो तो गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवशीचा रंग. तुला जुळवायचाय तो तिचा आजचा रंग.

कोड शोधायलाच हवा. टोयोटाच्या पट्टीवर ‘सी/टीआर’ लिहिलेल्या ओळीत तो असतो, इतर गाड्यांत दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली सापडतो. पण एकाच कोडचा रंग वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या खेपेला थोडा थोडा सरकतो. म्हणून रंग कंपन्या एका कोडला दोन-चार पोटशेड देतात. त्यातली कुठली घ्यायची, हे गाडीजवळ जाऊनच ठरतं.

त्यावर आपलं ऊन. मे महिन्यात बीडकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि बालाघाटाच्या उघड्या माळावर गाडीला सावली कुठली? आधी टप आणि बॉनेट उतरतं, मग दारांचा वरचा भाग. खालची कड बरीच वर्षं तग धरते. जुनी लाल गाडी आली की बॉनेटवरून तळहात फिरव. रंगावर क्लिअरचा पारदर्शक थर नसेल तर हाताला गुलाबी पावडर लागेल. लाल रंगद्रव्यं उन्हात लवकर मरतात. त्या गाडीला कारखान्याचा अस्सल लाल मारलास, तर नवं दार टिळा लावल्यासारखं वेगळं दिसेल.

म्हणून काट्याकडे जायच्या आधी गाडी धू आणि दुरुस्तीच्या शेजारच्या पत्र्यावर वीतभर जागा पॉलिशने चोळून काढ. वरचा मेलेला थर निघाला की खाली खरा रंग दिसतो. जुळवायचं त्याच्याशी. बरेच पेंटर पेट्रोल टाकीचं झाकण काढून दुकानात नेतात. सोय म्हणून ठीक आहे, पण बॉनेट रंगवायचं असेल तर ते झाकण साक्षीदार म्हणून कच्चं, कारण उभ्या अंगाने बॉनेटइतकं ऊन खाल्लेलं नसतं.

आता चंदेरीकडे येतो. साध्या रंगात फक्त रंगद्रव्य असतं. मेटॅलिकमध्ये अॅल्युमिनियमचे बारीक चपटे कण असतात, ज्यांना आपण दाणा म्हणतो. ते पत्र्यावर कसे झोपतात यावर शेड ठरते. गन जवळ धरलीस, हात सावकाश फिरवलास, थर ओला पडला, तर दाणा आत बुडतो, आडवातिडवा होतो आणि समोरून रंग काळसर येतो. गन लांब, हवेचा दाब जास्त, थर कोरडा, की दाणा वरच्या वर सपाट बसतो आणि रंग उजळतो. डबा तोच, हातही तोच, तरी दोन रंग! तुझं दार खरंच काळसर झालं असेल, तर कारण बहुतेक ओला थर. उन्हाळ्यात लवकर सुकणारं थिनर वापरलं तरी शेड उजळते, कारण थेंब पत्र्यावर पोचेपर्यंत अर्धा कोरडा झालेला असतो. म्हणून ऋतू पाहून थिनर बदलावं. आणि डबा तळापर्यंत ढवळल्याशिवाय ओतू नकोस, दाणा जड असतो, खाली बसतो.

मेटॅलिक समोरून जुळला म्हणजे जुळला असं नाही. पत्र्याच्या अगदी कडेला उभा राहून तिरकं बघ. समोरून उजळ असलेला रंग कडेने काळा पडू शकतो आणि गिऱ्हाईक गाडीकडे चालत येतं ते बहुधा तिरकंच बघत येतं.

या सगळ्यावर उपाय एकच, नमुन्याचं कार्ड, आणि त्याचाच सगळ्यांना कंटाळा. काडीने ढवळून थेंब पत्र्यावर लावून बघणं म्हणजे शेड बघणं नव्हे. शेणाने सारवलेलं अंगण ओलं असताना गडद दिसतं, वाळलं की फिकं पडतं, तसंच बेस कोटचं आहे. वाळल्यावर तो फिका, निस्तेज होतो आणि वर क्लिअर चढल्यावर पुन्हा खोल दिसतो. म्हणून गाडीवर ज्या गनने, ज्या दाबाने, जितके हात मारणार, तितकेच कार्डावर मार. वाळू दे. अर्ध्या भागावर क्लिअर मार. मगच गाडीला टेकवून बघ. कार्डामागे कोड, पोटशेड, वरून टाकलेले थेंब, दाब, किती हात, तारीख हे सगळं लिही. अशी कार्डं जपलीस तर काही वर्षांनी तुझ्याकडे असं पुस्तक होईल जे कुठल्याही कंपनीकडे नाही. अगदी थोडा रंग बनवायचा मोहही टाळ. पाव वाटी रंगात काळ्याचा एक थेंब जास्त पडला की तो परत काढता येत नाही.

बघायचं कुठे, तर वर्कशॉपच्या बाहेर, दिवसाच्या मोकळ्या उजेडात, पण थेट दुपारच्या उन्हात नाही आणि संध्याकाळच्या तांबूस उजेडातही नाही. ट्यूबलाइटखाली दोन पत्रे अगदी एक दिसतात आणि बाहेर काढल्यावर एक हिरवट, एक निळसर निघतो. दोन्हीतली रंगद्रव्यं वेगळी असतात, म्हणून प्रत्येक उजेडाला ती वेगळा जाब देतात. पहिल्या नजरेवर विश्वास ठेव. टक लावून बघत राहिलास तर डोळा फरक गिळून टाकतो. शंका आली तर राखाडी भिंतीकडे बघ, डोळ्याला विश्रांती दे आणि परत ये.

इतकं करूनही शंभर टक्के जुळत नाही. मग शेजारच्या पत्र्यात रंग विरवायचा. दारावर पूर्ण बेस, पुढच्या दारावर तो हळूहळू पातळ करत न्यायचा आणि क्लिअर मात्र दोन्ही दारांवर पूर्ण. फरक राहतो, पण त्याला कड राहत नाही. डोळा कड शोधतो. तुझा सुपरवायझर ‘एकाच दाराचे पैसे मिळतात, दुसऱ्याला हात लावू नको’ म्हणतो, ते तू सांगितलंस. त्याच्याशी भांडू नकोस. न विरवलेलं एक दार आणि विरवलेलं एक दार उन्हात शेजारी उभं करून त्याला दाखव. थोडा फरक राहू शकतो हे गाडीच्या मालकालाही आधीच सांग. प्लास्टिकचा बंपर कारखान्यातही पत्र्यापासून वेगळा रंगतो, त्यामुळे कोऱ्या गाडीतसुद्धा तो किंचित वेगळा दिसू शकतो. काम सुरू होण्यापूर्वी सांगितलं तर ती माहिती, नंतर सांगितली तर ती सबब ठरते.

कार्तिक पौर्णिमेला इकडे येच. मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनाला मराठवाड्यातून, कर्नाटकातून, तेलंगणातून गाड्या येतात आणि ओळीने उभ्या राहतात. दर्शन झालं की तासभर त्या ओळींतून नुसता फीर आणि फक्त पांढऱ्या गाड्या बघ. टोयोटाचा सुपर व्हाइट, कोड ०४०, आणि मारुतीचा सुपिरिअर व्हाइट, कोड २६यू, शेजारी शेजारी सापडले तर थांब आणि फरक स्वतःच्या शब्दांत सांगून बघ. कुठला पिवळट, कुठला निळसर, कुठला करडेपणाकडे झुकलेला. मग कुठल्या गाडीचं कुठलं दार नंतर रंगवलंय ते ओळख. एवढ्या वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेल्या, वेगवेगळं ऊन खाल्लेल्या गाड्या एका जागी तुला वर्कशॉपमध्ये कधी मिळायच्या नाहीत. मी बरोबर असेन.

जुन्या गाडीबद्दल आणखी एक. कापसाच्या बोळ्याला थिनर लावून आधी कोपऱ्यात घास. रंग बोळ्यावर उतरला तर खाली बहुतेक जुना एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग आहे, ज्याला आमच्या पिढीचे मिस्त्री ड्यूको म्हणतात. त्यावर थेट पीयू (पॉलियुरेथेन) रंग चढवलास तर तो सुरकुतेल आणि शेड जुळवण्याची सगळी मेहनत पाण्यात जाईल.

आता तुझ्या आईने लिहायला सांगितलेली गोष्ट, आणि मलाही ती तितकीच लागून राहिली आहे. क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने दमा जडू शकतो आणि एकदा जडला की अगदी थोड्या संपर्कानेही उसळतो. तोंडाला बांधलेला रुमाल त्याला अडवत नाही. ‘एक कार्डच तर मारायचंय’ म्हणून तू मास्क काढतोस हे मला माहीत आहे. बूथमध्ये बाहेरून हवा देणाराच मास्क हवा. तो वर्कशॉपने द्यायचा असतो, न लाजता माग. तो येईपर्यंत क्लिअरची गन हातात घेऊ नकोस. तोवर लांबी, घासकाम आणि मास्किंग कर, त्यातही शिकण्यासारखं पुष्कळ आहे. मास्क मिळाला की मला फोन कर.

तुझा,
मामा