उत्तरार्धाची सुरुवात

१९०१ मध्ये न्यायमूर्ती रानडे गेले, तेव्हा त्यांच्या पत्नी रमाबाई चाळिशीच्या उंबरठ्यावर होत्या. जवळपास वर्षभर त्यांनी पुण्याच्या घरात स्वतःला मिटून घेतलं. मग त्या बाहेर पडल्या. येरवड्याच्या तुरुंगातल्या बायकांना भेटू लागल्या. १९०९ मध्ये, सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी पुण्यात सेवासदन ही संस्था उभी केली. तिथे शिकून कितीतरी विधवा शिक्षिका झाल्या, परिचारिका झाल्या. दुःख होतंच, ते सोबत घेऊन रमाबाई कामाला लागल्या होत्या. पन्नाशीजवळ आपलंही मन विचारतं, आता माझी कुणाला गरज? याचं उत्तर माणसांत गेल्यावरच सापडतं. आज एखाद्या एकट्या जिवाची विचारपूस करू या. धैर्याला तेवढी सुरुवात पुरते.