‘डिस्ट्रॅक्शन’ : मनाला ओढते कोण?

‘मन लागत नाही, फार डिस्ट्रॅक्शन आहे,’ हे वाक्य आज विद्यार्थ्यापासून साधकापर्यंत सर्वांच्या तोंडी असते. लक्ष विचलित होणे, एवढाच अर्थ आपण त्यातून घेतो. शब्दाचे मूळ मात्र अधिक काही सांगते.

लॅटिनमध्ये ‘दिस्’ म्हणजे वेगवेगळ्या दिशांना आणि ‘त्राहेरे’ म्हणजे ओढणे. नांगर ओढणारा ट्रॅक्टर आणि आपल्याकडे खेचणारे ‘अट्रॅक्शन’ हे याच कुळातले शब्द. म्हणजे डिस्ट्रॅक्शनमध्ये मन रिकामे होत नाही, ते चहूबाजूंनी ओढले जाते. शेक्सपिअरच्या काळात तर ‘डिस्ट्रॅक्टेड’ म्हणजे वेडापिसा, असाही अर्थ होता.

आपल्याकडे यासाठी ‘विक्षेप’ हा शब्द आहे. त्यातील ‘क्षिप्’ म्हणजे फेकणे. फेकून विखुरलेले ते विक्षिप्त. गंमत अशी, की मराठीतही ‘विक्षिप्त’ म्हणजे तऱ्हेवाईक, असाच अर्थ रूढ झाला. योगसूत्रांवरील व्यासभाष्यात मात्र चित्ताच्या पाच भूमी सांगताना क्षिप्त आणि मूढ यांच्यानंतर विक्षिप्त येते, आणि त्यापुढे एकाग्र व निरुद्ध. विक्षिप्त मन म्हणजे अधूनमधून स्थिर होणारे, पण टिकून न राहणारे मन. बहुतेक साधक याच पायरीवर उभे असतात.

आता खरा प्रश्न. मनाला ओढते कोण? आपण लगेच बोट दाखवतो ते मोबाईलकडे, शेजारच्या आवाजाकडे, घरातल्या गडबडीकडे. पतंजलींनी चित्ताचे नऊ विक्षेप मोजले आहेत : व्याधी, मरगळ, संशय, बेसावधपणा, आळस, विषयांची ओढ, चुकीची समजूत, साधनेत पायरी न गाठणे आणि गाठलेल्या पायरीवर न टिकणे. या यादीत बाजाराचा गोंगाट नाही की शेजारी नाही. नऊही गोष्टी आपल्याच देहमनातल्या आहेत. दोरीचे एक टोक बाहेर असेल, पण गाठ आतच बांधलेली असते.

गाठ आत आहे म्हणजे ती सोडवणेही आपल्याच हाती आहे. पतंजलींचा उपाय साधा आहे : एका तत्त्वाचा अभ्यास. मन निसटले की चिडायचे नाही. शांतपणे त्याला परत आणायचे, पुन्हा पुन्हा.

हा अभ्यास केवळ आसनावर बसून करायचा नाही. मराठीत आपण लक्ष ‘देतो’. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी माउली श्रोत्यांकडे अवधानाचेच दान मागतात. वृद्ध आई काही सांगत असताना आपण नुसते ‘हं, हं’ करतो, तेव्हा आपण तिला काहीच दिलेले नसते. तिथे विक्षेप हा केवळ साधनेतला अडथळा राहत नाही, समोरच्या माणसावरचा अन्याय ठरतो.

आज कोणी आपल्याशी बोलायला आले, तर त्या व्यक्तीला पाच मिनिटे अखंड मन देऊन पाहूया. एकाग्रतेचा अभ्यास तिथूनही सुरू होतो.