मागच्या गाडीचा ब्रेक

साकोलीला दोन भावांचं बिछायत केंद्र होतं. मंडप, कनाती, खुर्च्या, गंज, कढया, दिव्यांच्या माळा. तुळशीचं लग्न लागलं की दोघांना धड जेवायला फुरसत मिळत नसे. धंदा बापाने सुरू केला आणि मोठ्याने वाढवला. मोठा बोलण्यात पटाईत, हिशेबात पक्का. यंदा त्याने नवी एसयूव्ही घेतली होती, ऑटोमॅटिक गिअरची. लहान्याकडे जुनी पिकअप. माल भरायचा, पोचवायचा, उभा करायचा, उतरवायचा आणि पुन्हा भरायचा, हे सगळं लहान्याचं. कोणत्या गावाला किती वाजता निघायचं, कोणतं काम घ्यायचं, कोणतं सोडायचं, हे मोठा ठरवी. तसं भांडण कधी नव्हतं, कारण लहाना बोलतच नसे.

त्या दिवशी भंडाऱ्याजवळच्या एका लॉनवर संध्याकाळचं लग्न होतं. पिकअप सकाळी साकोलीहून निघाली आणि मोहघाट्याचं जंगल ओलांडताच बंद पडली. डिझेल फिल्टर चोक झाला असावा, स्टार्टर फिरत होता पण इंजिन काही पकडत नव्हतं. मागून मोठा आलाच. खाली उतरून त्याने आधी घड्याळ पाहिलं, मग गाडी.

"का झालं गा?"

"डिझेल नाई येऊन रायलं. दादा, 1033 ला फोन लावतो, हायवेवाल्यांची क्रेन येते. माल दुसऱ्या गाडीत टाकू."

"क्रेन येतवरी नवरदेव दारात येईल. मंडपाचा दोर काढ. माझी गाडी ओढते ना!"

"माल भरला हाय दादा. गाडी तीन टनाच्या वर जाते."

"तू फक्त स्टिअरिंग धर. बाकी मी पाहतो."

मोठ्याचं अगदीच चुकत होतं असं नाही. मोबाइलवर त्याने अमेरिकेतले व्हिडिओ पाहिले होते. तिकडे राहायची सोय असलेल्या मोठ्या मोटरहोमच्या मागे लोक आपली जीप किंवा पिकअप चारही चाकं रस्त्यावर ठेवून शेकडो मैल ओढत नेतात. मात्र त्या व्हिडिओत जे ठळक दिसत नाही ते असं: दोन गाड्यांमध्ये दोर नसतो, पोलादी दांडा असतो, म्हणून मागची गाडी पुढचीवर येऊन आदळत नाही. पुढच्याने ब्रेक दाबला की मागच्या गाडीचाही ब्रेक लागावा म्हणून वेगळं यंत्र बसवतात. मागचे दिवे पुढच्या गाडीच्या तारेने पेटतात. आणि एवढं करूनही, कंपनीच्या पुस्तिकेत ही गाडी अशी ओढायला चालते असं लिहिलेलं असेल तरच ओढतात. बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकेत 'ओढू नका' असंच असतं. आपल्याकडे दोर सापडला की पुस्तिका कोण उघडतो?

दोर बांधला. त्यातल्या त्यात लहान्याने एक शहाणपण केलं. बंपरला न बांधता दोन्ही गाड्यांच्या चेसिसच्या हुकात गाठ मारली, आणि स्टिअरिंगचं लॉक पडू नये म्हणून किल्ली 'ऑन'वर ठेवली. गिअर न्यूट्रल. मागे पाटी नाही, दोराला लाल फडकं नाही.

ही जोडी राष्ट्रीय महामार्ग 53 वर निघाली. आपण अजूनही त्याला सहा नंबरचा हायवे म्हणतो. नागपूर-रायपूरचे ट्रक रात्रंदिवस याच वाटेने जातात. सुरुवातीचे दोनतीन किलोमीटर मोठा जपून चालला. मग फोन आला, लॉनवाल्याचा. मग दुसरा, मुलीच्या मामाचा. काटा चाळीसवर गेला, मग पन्नास, मग साठ.

मागे लहान्याला काय होत होतं, हे मोठ्याला आरशात दिसणं शक्य नव्हतं. इंजिन बंद असलं की पॉवर स्टिअरिंग मेलेलं असतं. वळवायला दोन्ही हातांनी जोर लावावा लागतो. ब्रेकचं त्याहून वाईट. ब्रेकला जो व्हॅक्यूमचा जोर मिळतो तो इंजिनामुळे. इंजिन बंद असताना दोन-तीनदा पेडल दाबलं की साठलेला जोर संपतो, पुढे पेडल दगडासारखं होतं. ब्रेक लागतो, पण पूर्ण वजन घालून उभं राहिल्यासारखं दाबावं लागतं. लहान्याचे ते दोन-तीन वार पहिल्या दहा मिनिटांतच संपले होते.

लाखनीच्या उड्डाणपुलावर चढताना दोर ताठ होता. उतारावर मात्र भरलेली पिकअप आपल्याच वजनाने पळू लागली, दोर सैल झाला, रस्त्याला लागला आणि पिकअपच्या पुढच्या चाकाखाली गेला. लहान्याने पाय रोवून ब्रेक दाबला. दोर चाकाखालून सुटला आणि असा हिसका बसला की मागे गंज एकमेकांवर आदळले. त्याने हॉर्न वाजवला. मोठ्याला वाटलं, बाजूला कुणी आडवं आलं असेल. लहान्याने फोन लावला.

"दादा, ब्रेक नाई लागून रायला. हळू घे."

"आलंच ना आता. अर्धा तास."

"दादा, थांबव गाडी."

"थांबलं तं पुन्हा निघता येणार नाई. धरून राय."

लाखनी सोडून गडेगावच्या दिशेने थोडं पुढे गेल्यावर दुभाजकाच्या फटीतून धानाच्या पोत्यांनी भरलेला एक ट्रॅक्टर आडवा आला. हंगामच तो, या दिवसांत आपल्याकडे अर्धं धान घरी असतं, अर्धं रस्त्यावर. मोठ्याने ब्रेक दाबला. नवी गाडी, चारही चाकांना उत्तम ब्रेक, ती जागच्या जागी थांबली. मागची थांबली नाही. एसयूव्हीचं मागचं दार आत गेलं, काच फुटली, पिकअपचा रेडिएटर फाटून हिरवं पाणी डांबरावर वाहू लागलं. ट्रॅक्टरवाला एकदा मागे वळून पाहून निघून गेला. माणसांना काही झालं नाही, एवढं नशीब.

दोघे खाली उतरले. मोठा दार पाहत होता, लहाना गाडीखाली वाकला होता. जळक्या तेलाचा वास येत होता.

शेजारीच रस्त्याला लागून एक गॅरेज होतं. तिथे बसलेले काकाजी उठून आले. गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना आहे, 1982 पासूनचा. तिथे ट्रकचे गिअरबॉक्स तयार होतात. काकाजींनी नोकरीची सगळी वर्षं तिथे गिअरबॉक्स जुळवण्यात घातली होती आणि निवृत्तीनंतर भाच्याच्या गॅरेजात येऊन बसत. भंडारा जिल्ह्यात रस्त्यावर गाडी मोडली तर अशी माणसं भेटतात, हे बाहेरच्यांना माहीत नसतं.

काकाजींनी पिकअपच्या पोटाखाली हात घातला, गिअरबॉक्सला लावला आणि झटक्यात मागे घेतला.

"कुठून ओढत आणली?"

"मोहघाट्याकडून."

"शाफ्ट सोडला होता?"

दोघे गप्प.

"न्यूट्रलच होती," मोठा म्हणाला.

काकाजी हसले नाहीत. म्हणाले, "उद्या या. खोलून दाखवतो."

त्या रात्री लग्न झालं, पण कसं झालं ते न सांगितलेलं बरं. माल तीन फेऱ्यांत दुसऱ्या गाड्यांतून गेला, मंडप अर्धाच उभा राहिला, वरात येऊन ताटकळली आणि मुलीच्या मामाने सगळ्यांसमोर मोठ्याला चार शब्द सुनावले. हेच तीन फेऱ्यांचं काम सकाळी मोहघाट्याला केलं असतं तर दुपारच्या आत उरकलं असतं.

दुसऱ्या दिवशी काकाजींनी गिअरबॉक्स खोलून फडक्यावर मांडला. खालचा शाफ्ट, ज्याला ते लेशाफ्ट म्हणत, तेलाने चकाकत होता, दाते नवे वाटावेत असे. वरचा मेनशाफ्ट मात्र निळा-जांभळा पडला होता. पोलाद फार तापलं की असा रंग चढतो. त्याच्यावरच्या गिअरच्या आत सुईसारख्या बारीक रोलरांची बेअरिंग असतात. ते रोलर वितळून एकमेकांना चिकटले होते. काकाजींनी नखाने एक सोडवायचा प्रयत्न केला, सुटला नाही.

"आता पाहा. इंजिन चालू असलं की हा खालचा शाफ्ट फिरते, तेलात बुडते अन् तेल वर उडवते. त्या उडालेल्या तेलावर वरचा जगते. गाडी ओढली का मागची चाकं फिरतात, चाकांमुळं प्रोपेलर शाफ्ट फिरते, अन् त्याच्यामुळं हा वरचा. न्यूट्रल असला तरी फिरते. पण इंजिन बंद, म्हणून खालचा मेलेला. तेल उडवणारा कोनी नाई. वरचा कोरडाच पळते."

"थोड्या अंतराने काही होत नाही म्हणतात," मोठा म्हणाला.

"हळू नेलं, थोडं नेलं, तेल पुरं असलं, तं निभते बी. हिचं सील गळत होतं, तेल अर्धं. वरून साठचा वेग." काकाजींनी लहान्याकडे पाहिलं. "तुला मालूम होतं ना गा, सील गळते म्हणून?"

"हव."

"सांगितलं काऊन नाई?"

लहान्याने मोठ्याकडे पाहिलं आणि खाली पाहिलं. मोठ्याने तेव्हा पहिल्यांदा तो निळा शाफ्ट हातात घेतला. बराच वेळ उलटापालटा करत राहिला.

काकाजी पुढेही बोलत राहिले, बोलायची हौस होतीच. मागच्या चाकांवर चालणारी गाडी लांब ओढायची तर प्रोपेलर शाफ्टचे बोल्ट काढायचे, नाहीतर मागची चाकं उचलायची. चारही चाकांना जोर जाणारी असेल तर सरळ क्रेनच्या पाटावर चढवायची. ऑटोमॅटिकचं तर विचारूच नका. तिच्या तेलाचा पंप इंजिनावर फिरतो, इंजिन बंद तर तेल बंद. ओढणारी गाडी ओढल्या जाणारीपेक्षा भारी हवी, निदान बरोबरीची. माल आधी उतरवायचा. रस्त्याच्या 1989 च्या नियमांतलं त्यांना तोंडपाठ होतं: मागच्या गाडीत परवाना असलेला माणूस बसलेला हवा, दोन गाड्यांमध्ये पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको, दोर लांबून दिसायला हवा, मागे 'ऑन टो' अशी पाटी हवी, आणि वेग ताशी 24 किलोमीटरच्या आत. त्या नियमांची जागा 2017 साली नव्या नियमांनी घेतली. पण 24 चा आकडा ऐकून मोठ्याचा चेहरा जो उतरला, तो नव्या-जुन्याच्या फरकाने सावरण्यासारखा नव्हता.

बिल मोठ्याने भरलं. गिअरबॉक्स, रेडिएटर, मागचं दार, काच आणि मुलीच्या बापाला परत केलेली अर्धी रक्कम. मला विचाराल तर यातला सर्वांत महाग खर्च सीलचा. दुकानात ते चारदोनशे रुपयांत मिळतं. लहान्याने ते घरात बोलून दाखवलं नव्हतं, कारण घरात त्याला कुणी विचारत नव्हतं. मोठा दुष्ट नव्हता. त्याला खरंच वाटायचं की ओढणाऱ्याचं काम जड, मागच्याने नुसतं धरून राहायचं.

उन्हाळ्यातल्या लग्नांच्या वेळी सेंदूरवाफ्याच्या टोलनाक्याजवळ ती नवी एसयूव्हीच थांबली. डॅशबोर्डवर लाल दिवा आणि गाडी ढिम्म. मागून लहान्याची पिकअप आली, रिकामी, नव्या गिअरबॉक्सची. मोठा खिडकीशी गेला.

"ओढतेस का?"

"नाई दादा. ऑटोमॅटिक हाय."

मोठ्याने तिथेच उभं राहून 1033 ला फोन लावला. लहान्याने तिकोनी लाल रिफ्लेक्टर गाडीच्या मागे बरंच अंतर सोडून रस्त्यावर ठेवला आणि दोघे टोलच्या सावलीत क्रेनची वाट पाहत बसले. त्या दिवशीचं काम लाखनीच्या दुसऱ्या बिछायतवाल्याला दिलं, कमिशन कापून.

दोघांची बिछायत आजही चालते. पिकअपच्या सीटमागे आता दोर नाही, दोन्ही टोकांना हुक असलेला ओढायचा पट्टा आहे, लाल फडकं आहे आणि 'ऑन टो' लिहिलेली पांढरी पाटी आहे. एखाद्या गावकऱ्याची गाडी चिखलातून काढायला किंवा जवळच्या गॅरेजपर्यंत न्यायला तो पट्टा निघतो. निघताना दोघांत ठरलेलं आहे: वेग मागच्या गाडीत बसणारा सांगेल आणि त्याने हॉर्न वाजवला की पुढच्याने काही न विचारता थांबायचं.